पहिल्यांदा नोकरी बदलताय? राजीनाम्यापासून पीएफ ट्रान्सफरपर्यंतचा क्रम

खासगी कंपनीतली पहिली नोकरी सोडताना सगळा जीव पगारवाढीच्या आकड्यात अडकलेला असतो. घोळ मात्र तारखांमध्ये होतो. ऑफर लेटर कधी हातात आलं, राजीनाम्याचा मेल कधी गेला, नोटीस कधीपासून मोजली, शेवटचा दिवस कुठला ठरला आणि पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख कुठली पडली, या पाच तारखा एकमेकींशी जुळल्या की पुढचं बरंचसं काम सरळ होतं. त्यातली एक जरी हुकली तरी सहा महिन्यांनी कुणीतरी खुलासा मागतं, आणि तोवर जुन्या कंपनीतली ओळखीची माणसंही निघून गेलेली असतात.

खाली दिलेला क्रम भारतातल्या खासगी, पीएफ लागू असलेल्या नोकरीसाठी आहे. सरकारी सेवेचे नियम वेगळे आहेत.

१. राजीनाम्याआधी: ऑफर वाचा, आकडा फोडा

फोनवर "तुमचं सिलेक्शन झालंय" असं कळणं म्हणजे ऑफर नव्हे. कंपनीच्या अधिकृत मेलवरून आलेलं, पद, पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख आणि कामाचं ठिकाण लिहिलेलं पत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. "तुम्ही आधी राजीनामा स्वीकारल्याचा मेल दाखवा, मग ऑफर काढतो" असं काही कंपन्या म्हणतात. इथे ठाम राहा. जोखीम फक्त तुमच्या बाजूची आहे.

सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, हा आकडा खात्यात येणाऱ्या पगाराचा नसतो. दहा लाखांच्या पॅकेजची एक साधारण फोड पाहा. मूळ पगार ५ लाख धरला, तर मालकाचा पीएफ त्याच्या १२ टक्के म्हणजे ६०,००० आणि ग्रॅच्युइटीची (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद ४.८१ टक्के म्हणजे २४,०५०. व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा भाग) १ लाख, गटविम्याचा हप्ता समजा १०,०००. हे सगळं वजा जाता वर्षाला ८,०५,९५० उरतात, म्हणजे महिन्याला सुमारे ६७,१६०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ५,००० आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात ६२,००० च्या आसपास पडतात. दहा लाखांना बाराने भागून ८३,३३३ चं स्वप्न पाहिलं असेल, तर हा फरक आत्ताच कळलेला बरा.

एचआरला लेखी विचारायचे प्रश्न:

- व्हेरिएबल पे कधी मिळतो, आणि गेल्या वर्षी किती टक्के दिला गेला?
- जॉइनिंग बोनस किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत करावा लागतो? कर कापून हातात आलेली रक्कम परत करायची, की कर धरून पूर्ण?
- प्रोबेशन किती, आणि त्या काळात नोटीस किती?
- बाँड आहे का? रक्कम किती, कशाबद्दल?

बाँड "कोर्टात टिकत नाही" असं ऑफिसातला प्रत्येक जाणकार सांगतो. ते अर्धवट खरं आहे. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत जायला मनाई करणारी अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. ठरावीक काळ नोकरी करण्याचा किंवा आधी सोडल्यास ठरलेली रक्कम भरण्याचा बाँड मात्र वेगळा. एका सरकारी बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा असा बाँड सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवला. तेव्हा सही करण्याआधी वाचा, आणि रक्कम अवाजवी वाटली तर त्याच वेळी बोला.

२. कागद आधीच काढून ठेवा

राजीनामा गेल्यावर काही कंपन्या लॅपटॉप आणि पोर्टलचा प्रवेश लगेच मर्यादित करतात. म्हणून खालचे कागद आधी उतरवून घ्या:

- सुरुवातीचं नियुक्तिपत्र आणि पगारवाढीची, बढतीची सगळी पत्रं
- सगळ्या पगारपावत्या (नवी कंपनी बहुधा शेवटच्या तीन मागते)
- आजवरचे फॉर्म १६ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारं प्रमाणपत्र)
- यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा सदस्य क्रमांक) आणि पीएफचं पासबुक
- गटविम्याचं कार्ड आणि पॉलिसी क्रमांक
- शिल्लक रजांचा स्क्रीनशॉट, तारखेसकट
- शेअर ऑप्शन मिळाले असतील तर त्यांची पत्रं आणि योजनेचे नियम

हे तुमचे स्वतःचे कागद. कामाच्या फायली, ग्राहकांच्या याद्या, कोड किंवा प्रेझेंटेशन स्वतःच्या मेलवर पाठवू नका. "नमुना म्हणून" पाठवलेली एक एक्सेल फाइलही शिस्तभंगाच्या कारवाईला पुरते, आणि नोटीसच्या काळात आयटी विभागाचं लक्ष नेमकं अशाच मेलांवर असतं.

३. राजीनाम्याचा मेल

आधी थेट वरिष्ठांना समोर किंवा फोनवर सांगा, मग त्याच दिवशी मेल करा. वरिष्ठांना ही बातमी एचआरकडून कळली की पुढचे तीन महिने जड जातात.

मेल चार ओळींपेक्षा मोठा नको. मजकूर एवढाच:

"मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे. माझ्या नियुक्तिपत्रानुसार नोटीसचा काळ ६० दिवसांचा असून तो आजपासून मोजता माझा कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख येतो. या काळात काम हस्तांतरित करण्यासाठी मी उपलब्ध आहे. कृपया राजीनामा स्वीकारल्याचं आणि शेवटच्या दिवसाची तारीख लेखी कळवावी."

कारणं, तक्रारी, उणीदुणी यात नकोत. कंपनीच्या पोर्टलवरही राजीनामा टाकायचा असेल तर त्याच दिवशी टाका. अनेक ठिकाणी नोटीस मेलपासून नव्हे, पोर्टलवरच्या नोंदीपासून मोजतात, आणि मधल्या आठवड्याची भर तुमच्या माथी पडते. मेलची प्रत बीसीसीमध्ये स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा.

उत्तरात शेवटच्या दिवसाची तारीख आली नाही तर तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारा. "बघू, रिप्लेसमेंट मिळालं की सांगतो" हे उत्तर गृहीत धरून नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख देऊ नका.

काउंटर ऑफर, म्हणजे तुम्हाला थांबवण्यासाठी जुन्या कंपनीचा वाढीव प्रस्ताव, आलीच तर एक प्रश्न पुरतो: पगार सोडून ज्या कारणासाठी निघालात ते बदलणार आहे का? बहुतेकदा बदलत नाही.

४. नोटीसचा काळ: मोजमाप आणि सूट

नियुक्तिपत्रात ३०, ६० किंवा ९० दिवस लिहिलेले असतात. बढतीच्या पत्रात हा आकडा गुपचूप वाढलेला असू शकतो, म्हणून सगळ्यात ताजं पत्र पाहा.

लवकर सुटायचं असेल तर तीन वाटा आहेत. पहिली, वरिष्ठांनी लेखी सूट देणं. दुसरी, शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करणं. याला अनेक कंपन्या नकार देतात. तिसरी, उरलेल्या दिवसांचे पैसे भरणं, म्हणजे बायआउट. बायआउटमध्ये रक्कम मूळ पगारावर मोजतात की एकूण पगारावर, हे पत्रात शोधा. फरक जवळजवळ दुपटीचा पडू शकतो. तसंच "कंपनीच्या मर्जीनुसार" असे शब्द असतील तर पैसे भरायची तयारी असूनही कंपनी नाही म्हणू शकते.

पूर्वी या वसुलीवर काही कंपन्या जीएसटी लावत. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने नोटीस-वसुलीवर जीएसटी लागत नाही हे स्पष्ट केलं आहे. हिशेबात ती ओळ दिसली तर हरकत घ्या. नवी कंपनी बायआउटची भरपाई देणार असेल तर ती पगारात धरून करपात्र ठरते, म्हणजे एक लाख भरले तर हातात पूर्ण एक लाख परत येत नाहीत.

काम सोपवण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चालू कामांची यादी, कुणाकडे काय सोपवलं, पासवर्ड आणि परवानग्या कुणाच्या नावे केल्या, हे एका मेलमध्ये लिहा आणि वरिष्ठांकडून "मिळालं" एवढं उत्तर घ्या. पुढे कुणी "त्यानं काहीच दिलं नाही" म्हणालं तर तेवढं पुरतं.

५. शेवटचा दिवस आणि फुल अँड फायनल

लॅपटॉप, आयडी कार्ड, सिमकार्ड जमा केल्याची पोच घ्या. पोच नसली की हिशेबातून लॅपटॉपचे पैसे कापल्याची ओळ उगवते. ही गोष्ट घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत जास्त घडते, कारण वस्तू कुरियरने जाते. तेव्हा डबा बंद करण्याआधी सीरियल नंबरसह फोटो काढा आणि कुरियरची पावती जपा.

फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबात काय काय यायला हवं: शेवटच्या दिवसांचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, मंजूर झालेली खर्चाची बिलं, देय असलेला बोनस आणि पात्र असाल तर ग्रॅच्युइटी. वजाबाकीत नोटीसची वसुली, आगाऊ उचल, जॉइनिंग बोनसची परतफेड.

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं आहे. प्रत्यक्षात अनेक कंपन्यांचा हिशेब पुढच्या पगारचक्रापर्यंत रेंगाळतो. म्हणून शेवटच्या आठवड्यातच "हिशेबाचा मसुदा पाठवा" असं एचआरला लिहा. मसुदा आधी पाहिला तर चूक दुरुस्त होते. पैसे खात्यात पडल्यावर तीच चूक दुरुस्त करून घेताना नाकी नऊ येतात.

ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांना नव्या संहितेत एक वर्ष पुरतं. सूत्र असं: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. ५२,००० मूळ वेतन आणि ६ वर्षं ७ महिने सेवा असेल तर ३०,००० गुणिले ७, म्हणजे २,१०,०००. संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येनुसार भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे; ज्यांचा मूळ पगार मुद्दाम कमी ठेवलाय त्यांनी हे तपासावं. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत देणं मालकावर बंधनकारक आहे. पाच वर्षांना थोडेच दिवस कमी पडत असतील तर राजीनाम्याची तारीख पुढे ढकलण्याचा विचार करा. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पात्रता येते असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं आहे, पण सगळ्या कंपन्या ते आपणहून मानत नाहीत.

दोन पत्रं हातात हवीत: रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र. काही कंपन्या दोन्ही एकत्र देतात. त्यावरची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, नावाचं स्पेलिंग आणि पद लगेच वाचून पाहा.

६. मधला काळ: विमा आणि खातं

गटविमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. दोन नोकऱ्यांमध्ये आठवडाभराचीच फट असली तरी घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर तारखा जुळवून घ्या. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि प्रतीक्षाकाळाचा भरलेला भाग त्यात धरला जातो. मात्र ही विनंती विमा चालू असताना करावी लागते. नोकरी सुटल्यावर महिन्याभराने फोन केलात तर उपयोग नाही.

पगाराचं खातं काही महिने पगार आला नाही की साध्या बचत खात्यात बदलतं आणि किमान शिल्लक लागू होते. गृहकर्जाचा हप्ता किंवा एसआयपी त्याच खात्यातून जात असेल तर शिल्लक ठेवा किंवा आधीच खातं बदला. नव्या कंपनीत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रुजू झालात तर पहिला पगार बऱ्याचदा पुढच्या महिन्याअखेर येतो. दीड-दोन महिन्यांचा खर्च हाताशी असू द्या.

७. पीएफ: काढू नका, हलवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

नव्या कंपनीत रुजू होताना पीएफचा घोषणापत्राचा अर्ज भरून घेतात. त्यात जुना यूएएन न चुकता लिहा. "आठवत नाही" म्हणून रकाना रिकामा सोडला की दुसरा यूएएन तयार होण्याची शक्यता असते, आणि दोन यूएएन एकत्र करणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

पीएफ काढून घेण्याचा मोह टाळा. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते, आणि ती ५०,००० किंवा जास्त असेल तर पॅन जोडलेला असतानाही १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला जातो. ही पाच वर्षं एकाच कंपनीतली असायला हवीत असं नाही. खातं ट्रान्सफर केलंत तर आधीची सेवा धरली जाते. पेन्शनचंही तसंच. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, १५,००० रुपये वेतनमर्यादेवर म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते. मधेच पेन्शनची रक्कम काढली की तेवढी वर्षं पुसली जातात.

ट्रान्सफरचा क्रम:

पासबुकवर जुन्या कंपनीची शेवटची वर्गणी जमा झाली का ते पाहा. मग सेवा-इतिहासात नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते तपासा. ती जुन्या कंपनीने भरायची असते. तिने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः सदस्य पोर्टलवर "मॅनेज" खाली "मार्क एक्झिट" मधून भरू शकता. आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, कारण ओटीपी तिथेच येतो. त्यानंतर "ऑनलाइन सर्व्हिसेस" मधून "वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट" हा पर्याय घेऊन क्लेम टाका. पोर्टलची मांडणी अधूनमधून बदलते. शब्द थोडे वेगळे दिसले तर घाबरू नका. जानेवारी २०२५ पासून आधारला जोडलेल्या बऱ्याच खात्यांच्या ट्रान्सफरला मालकाच्या मंजुरीची गरज उरलेली नाही.

अडतं कुठे? रिलीव्हिंग लेटरवर १४ तारीख असते, पण एचआर पोर्टलवर महिन्याची ३० तारीख टाकतं, आणि तुम्ही १७ ला नव्या ठिकाणी रुजू झालेले असता. नोंदीत तेरा-चौदा दिवस दोन नोकऱ्या एकदम दिसतात. क्लेमवर खुलासा मागितला जातो, आणि नव्या कंपनीची पार्श्वभूमी-तपासणी करणारी संस्था हीच नोंद बघून "एकाच वेळी दोन नोकऱ्या" असा शेरा मारते. उपाय साधा आहे: सोडल्यानंतरच्या महिन्यात पोर्टल उघडा आणि तारीख चुकीची असेल तर जुन्या एचआरला रिलीव्हिंग लेटर जोडून दुरुस्तीची संयुक्त विनंती करायला सांगा. नाव, जन्मतारीख किंवा वडिलांचं नाव आधारशी जुळत नसेल तर तेही आधी दुरुस्त करा. "सुनिल" आणि "सुनील" यांच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर क्लेम परत पाठवायला पुरतं.

ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम दिसत नाही आणि लोक हादरतात. ती गेलेली नसते. पेन्शनमध्ये पैसे नव्हे, सेवेचा काळ पुढे जातो. सेवा-इतिहासात जुनी कंपनी दिसते ना, एवढं बघा. जुन्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर काम जास्त लांबतं. ट्रस्टकडून "ॲनेक्शर के" मागून घ्या, त्यात रक्कम आणि सेवेचा काळ लिहिलेला असतो. क्लेम विनाकारण रखडला तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) तक्रार पोर्टलवर यूएएनसह तक्रार नोंदवा. ऑफिसात खेटे घालण्यापेक्षा ते बरं, कारण तिथे उत्तर लेखी मिळतं.

नामनिर्देशनही याच बैठकीत करून टाका. अविवाहित असताना आईवडिलांचं नाव टाकलेलं असतं, आणि लग्न झाल्यावर ते नामनिर्देशन रद्द धरलं जातं.

८. कर: नव्या कंपनीला जुना पगार सांगा

वर्षाच्या मधोमध नोकरी बदलली की दोन्ही कंपन्या आपापल्यापुरता हिशेब करतात. समजा एप्रिल ते सप्टेंबर जुन्या ठिकाणी ८ लाख मिळाले आणि ऑक्टोबर ते मार्च नव्या ठिकाणी ८ लाख. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट दोघांनीही दिली, दोघांच्याही मते उत्पन्न १२ लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. प्रत्यक्षात उत्पन्न १६ लाख, वजावट एकदाच, करपात्र १५.२५ लाख. २०२५-२६ च्या स्लॅबनुसार कर १,०८,७५०, उपकर धरून १,१३,१००. ही रक्कम रिटर्न भरताना एकदम समोर येते, वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज.

म्हणून रुजू होताच जुन्या कंपनीतला पगार, पीएफ आणि कापलेला टीडीएस यांचं विवरण नव्या कंपनीच्या पगार विभागाला द्या. यासाठी जुन्या कंपनीच्या हिशेबाची पावती आणि करगणनेचं पत्रक पुरतं. फॉर्म १६ वर्ष संपल्यावरच मिळतो. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने फॉर्मचे क्रमांक वेगळे दिसतील, "आधीच्या नोकरीचं उत्पन्न" असं विचारा म्हणजे योग्य तो अर्ज मिळेल.

रजांचे पैसे मिळाले असतील तर खासगी कर्मचाऱ्यांना आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंतची सूट आहे, ठरलेल्या सूत्राच्या मर्यादेत. ही सूट राजीनाम्यानंतरही मिळते, पण जुन्या कंपनीने ती हिशेबात धरली नसेल तर रिटर्नमध्ये तुम्हालाच दाखवावी लागते. रिटर्न भरण्याआधी दोन्ही कंपन्यांची टीडीएस प्रमाणपत्रं प्राप्तिकर पोर्टलवरच्या कर-नोंदीशी ताडून पाहा. जुन्या कंपनीने कापलेला कर तिथे दिसत नसेल, तर कापल्याचा पुरावा म्हणून पगारपावत्या जोडून तिच्या पगार विभागाला लेखी कळवा. रिटर्नची मुदत जवळ येण्याआधी हे केलंत तर विवरणपत्र दुरुस्त करायला त्यांना वेळ मिळतो.